चंदा नंतर, आधी बिल

(नाशिक येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आरोग्य आणि मुस्लिम समाज' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, एवढा मोठा विषय मला पेलवणार नाही. मी डॉक्टर नाही, वकील नाही. इंजिनिअरिंग करून दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा, त्यात कुठे काय चुकलंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी विषय कापून लहान केला. आज मी फक्त दवाखान्याच्या बिलाबद्दल बोलणार आहे. ते वाचायचं कसं, आणि वाचून देणारा माणूस मिळतो कुठे, एवढंच.

आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो मेसेज आहे. आयसीयूतल्या माणसाचा फोटो, खाली क्यूआर कोड, 'तीन लाखांची तातडीने गरज, जास्तीत जास्त फॉरवर्ड करा'. जुने नाशिक, वडाळा, नाशिकरोड, मालेगाव, कुठलाही ग्रुप उघडा. रमजानमध्ये तर रोज दोन-तीन येतात. आणि लोक देतात. रिक्षावाला शंभर रुपये देतो, यंत्रमागावरचा कामगार पन्नास देतो. जकात याच कामाला असते, देणाऱ्याची नियत साफ असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ते तीन लाख बरोबर आहेत हे कुणी पाहिलं? मेसेजसोबत कधी बिलाचा फोटो असतो. मी तो मोठा करून बघतो. बहुतेक वेळा त्यावर पाच-सहा ओळी असतात. बेड, नर्सिंग, औषधं, तपासण्या, 'इतर'. आणि 'इतर'चा आकडा बेडपेक्षा मोठा.

घर बांधताना गवंडी सिमेंटच्या गोण्या किती लागल्या ते सांगतो, आणि आपण मोजतो. लग्नात केटररने ताटं किती लावली ते मोजायला आपण चाचाला उभं करतो. इथे मात्र आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च आपण न मोजता भरतो. कारण उघड आहे. आपला माणूस आत आहे. बिलाबद्दल विचारलं तर त्याच्या उपचारावर परिणाम होईल ही भीती असते. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती लाज. पैशावरून हुज्जत घालतोय, जाहिल दिसू, असं वाटतं. बुरखा घातलेल्या बाईला काउंटरवर आधीच वेगळ्या सुरात बोललं जातं, ती अजून प्रश्न कुठून विचारणार?

आता थोडा मागचा हिशेब. २०२० च्या २१ मे रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांचे कोविडचे दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. खाटांपैकी ८० टक्के या दराने, उरलेल्या २० टक्क्यांचा दर रुग्णालयाच्या हाती. पुढे १ जून २०२१ ला शहरांचे गट पाडले. नाशिक आणि मालेगाव दोन्ही 'ब' गटात आले आणि तेच दर ३,०००, ५,५०० आणि ६,७०० झाले. हे आकडे वर्तमानपत्रात छापून आले, सगळ्यांनी वाचले. पण खरी मेख आकड्यात नव्हती, ती त्या दरात काय-काय धरलंय यात होती. डॉक्टरांची भेट, नर्सिंग, जेवण, मॉनिटरिंग, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, क्रिएटिनिन, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, लघवीची नळी घालणं, हे सगळं त्या ४,००० मध्येच होतं. पीपीई किट, सीटी स्कॅन, महागडी औषधं बाहेर होती. ही यादी अधिसूचनेसोबत जोडलेली होती. ती किती जणांनी वाचली?

माझ्या मामूंचं उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०२०. भद्रकालीत त्यांचं छोटं दुकान. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ते अकरा दिवस होते. सहा दिवस वॉर्ड, पाच दिवस आयसीयू, व्हेंटिलेटर लागला नाही, अल्लाहची मेहेरबानी. बिल आलं २,४६,८०० रुपये. मोहल्ल्यात तोवर चंदा सुरू झाला होता, ऐंशी हजार जमले होते. मामी दागिने काढून बसल्या होत्या.

त्या वेळी एका मित्राने मला एका ताईंचा नंबर दिला. सरकारी रुग्णालयात पंचवीसेक वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. 'माझं नाव भाषणात घेतलंस तर पुढचं बिल तुझं तूच वाच' असं त्यांनी बजावलंय, म्हणून मी त्यांना ताईच म्हणतो. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, 'इमारतीचा विमा आहे का माणसाचा?' मी गोंधळलो. त्या हसल्या. त्यांची ती सवय आहे, घाबरलेल्या माणसाला आधी गोंधळात टाकायचं, म्हणजे तो रडायचा थांबतो. मग म्हणाल्या, 'तीन कागद मागून आण. ओळवार बिल, केस पेपर, आणि त्यांचं दरपत्रक. अर्ज लिहून दे आणि पोच घे.'

'पोच घे' हे दोन शब्द तुम्ही आज घरी घेऊन जा, बाकीचं विसरलात तरी चालेल. तोंडी मागितलं की 'साहेब बाहेर गेलेत' असं उत्तर येतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली की साहेब परत येतात. केस पेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. हे वाक्य त्यांनी मला अर्जात लिहायला लावलं.

कागद आले. ओळवार बिल नऊ पानांचं होतं. ताई, मी आणि माझी मामेबहीण आमच्या गच्चीवर अंतर ठेवून बसलो. ताईंच्या हातात अधिसूचनेची यादी, माझ्याकडे एक्सेल. बेडचे पैसे बरोबर होते. सहा दिवसांचे २४,००० आणि पाच दिवसांचे ३७,५००, एकूण ६१,५००. पण त्याखाली नर्सिंग वेगळं लावलं होतं, रोज ८००, अकरा दिवसांचे ८,८००. डॉक्टरांच्या भेटी रोज दोन, प्रत्येकी ९००, झाले १९,८००. मॉनिटरचे आयसीयूत रोज १,५००, म्हणजे ७,५००. सीबीसी, क्रिएटिनिन, एक्स-रे, ईसीजी मिळून १२,४५०. या चारही ओळी ६१,५०० मध्ये आधीच आलेल्या होत्या. बेरीज ४८,५५०.

मग ताईंनी औषधांची पानं घेतली आणि शेजारी केस पेपरमधला औषधं दिल्याचा तक्ता ठेवला. दहा-बारा वर्षं कोड लिहिणाऱ्यालाही एवढं नीट जुळवता येत नाही. रेमडेसिविरच्या सहा बाटल्या बिलात, तक्त्यावर परिचारिकेच्या सह्या चारच. यकृताच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी ते औषध थांबवल्याची नोंद होती. म्हणजे दोन बाटल्या परत गेल्या, पण बिलातून वजा झाल्या नाहीत. ५,४०० रुपयांप्रमाणे १०,८००. ताई म्हणाल्या, 'ही चोरी आहे असं लगेच म्हणू नकोस. वॉर्डातून औषध परत गेलं की परताव्याची नोंद कुणीतरी करावी लागते. त्या काळात पोरी डबल ड्यूटी करत होत्या.' हे मला आवडलं. त्या रुग्णालयाची बाजू घेत नव्हत्या, तिथल्या मुलींची घेत होत्या.

महापालिकेने तेव्हा खासगी रुग्णालयांची बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. आमचा दोन पानांचा अर्ज, सोबत खुणा केलेलं बिल, त्यांच्याकडे दिलं. आरडाओरडा नाही, व्हिडिओ नाही. चौथ्या दिवशी बिल १,८७,४५० झालं. ५९,३५० रुपये कमी. चंद्यातले उरलेले पैसे दुसऱ्या एका घरच्या डायलिसिसला गेले.

आता लक्षात घ्या, १,८७,४५० हीसुद्धा मामूंसाठी मोठीच रक्कम होती. बिल वाचल्याने उपचार स्वस्त होत नाहीत, फक्त जे देणं लागत नाही ते देणं थांबतं. आणि आम्हाला ताई मिळाल्या होत्या. राज्यभर ज्यांना कुणी मिळालं नाही त्यांचं काय झालं, ते जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने गोळा केलेल्या माहितीतून २०२१ च्या अखेरीस पुढे आलं. अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलून त्यांनी बिलं पाहिली. सुमारे तीनचतुर्थांश लोकांकडून ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेतलेलं दिसलं. त्यात कितीतरी बायका अशा, ज्यांचा नवरा गेला आणि बिल भरायला काढलेलं कर्ज घरात राहिलं.

नाशिकमध्ये या प्रश्नाचा दुसरा चेहराही आपण पाहिला. मे २०२१ मध्ये जितेंद्र भावे यांनी 'ऑपरेशन हॉस्पिटल' या मोहिमेत एका नातेवाइकाला सोबत घेऊन, दीड लाखांची अनामत परत मिळावी म्हणून एका मोठ्या रुग्णालयात अंगावरचे कपडे उतरवून आंदोलन केलं. फेसबुकवर लाइव्ह चाललं. पैसे परत मिळाले, भावेंना पोलिसांनी ताब्यात घेतलं, आणि ठाण्याबाहेर लोक जमले. महिनाभर आधी, २१ एप्रिलला, आपल्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन २२ रुग्ण गेले होते. शहराच्या मनात काय साठलं होतं ते त्या गर्दीत दिसलं. मी त्या आंदोलनाला नावं ठेवणार नाही. ज्याचे दीड लाख अडकलेत त्याला संयम शिकवणारा मी कोण? पण मला एवढं कळतं की वडाळ्यातला एखादा तरुण असा उघडा होऊन रुग्णालयात बसला असता, तर बातमीचा मथळा वेगळा आला असता. आपल्याला पोचवाला रस्ता जास्त परवडतो. शिवाय डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हात उचलला किंवा तोडफोड केली तर २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग बिलाचा मुद्दा बाजूलाच राहतो आणि आपण जामिनासाठी चंदा गोळा करतो.

कोविड संपला, त्याचे बांधलेले दर संपले. आज वॉर्डाचा दर प्रत्येक रुग्णालय स्वतः ठरवतं. मग ताईंसारख्या माणसाच्या हातात आता काय उरलं? बरंच उरलंय, फक्त ते विखुरलेलं आहे.

२०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, ओळवार बिल द्यायचं. औषधं आमच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही. आणि स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे आपल्याकडे महापालिकेने, तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवायचा. आज संध्याकाळी घरी जाताना रस्त्यातल्या तीन रुग्णालयांत शिरा आणि भिंतीवर दरपत्रक दिसतं का पाहा. मी पाहिलंय, काही सांगत नाही. स्टेंटची किंमत सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत बांधली, गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. स्टेंट टाकला असेल तर त्याचं स्टिकर केस पेपरला चिकटवलेलं असतं. बिलावरचं नाव आणि ते स्टिकर जुळवून पाहायला कुठलीही पदवी लागत नाही.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती आपल्याला इतरांपेक्षा जास्त छळते. मय्यत. आपल्याकडे दफन लवकरात लवकर करायचं असतं. फजरला इंतकाल झाला तर जोहरनंतर जनाजा उचलायचा असतो. घरात माणसं जमलेली, कबर खोदायला सांगितलेली, आणि काउंटरवर कुणी म्हणतं, 'आधी बाकी भरा, मग बॉडी'. अशा वेळी कुणीही बिल वाचत नाही. कुणीतरी जावई एटीएमला धावतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या १७ हक्कांच्या सनदेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे की बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. जिवंत रुग्णाला बिलासाठी अडकवणं बेकायदा आहे असं मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलंय. रुग्णालयाला थकबाकी वसूल करायची तर दिवाणी मार्ग आहे. आमच्या गटात अशी दोन प्रकरणं आली. दोन्ही वेळा आम्ही फक्त सनदेचं ते पान फोनवर उघडून व्यवस्थापकाला दाखवलं आणि म्हटलं, 'तुम्ही अडवताय असं आम्हाला लिहून द्या.' लिहून कुणी देत नाही. एकदा वीस मिनिटांत, एकदा दोन तासांत मय्यत मिळाली. बाकी पैशांबद्दल आठवड्याने बसून बोलणं झालं, आणि घरच्यांनी जे देणं होतं ते दिलं.

दुसरी मोठी जागा धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि त्यावर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना, हे दोन आधार आहेत. ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. उत्पन्नाची मर्यादा वाढत-वाढत आता वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार झाली आहे. म्हणजे महिन्याला तीस हजार मिळवणाऱ्या घरालाही निम्मी सवलत लागू होऊ शकते! आपल्यातल्या किती जणांना वाटतं की ही योजना फक्त भिकाऱ्यांसाठी आहे? तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून स्थिर करायचं, हेही त्याच योजनेत आहे. २०२५ च्या वसंतात पुण्यात एका गर्भवती महिलेकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आणि नंतर तिच्या मृत्यूचा जो विषय राज्यभर गाजला, तो याच योजनेच्या मुळाशी जातो.

अमेरिकेत माझे सहकारी आहेत. तिथे रुग्णाचा वकील म्हणा, कैवारी म्हणा, हा रीतसर व्यवसाय आहे. कायद्याचा वकील नव्हे, बिलाचा. लोक त्यांना फी देऊन बिल कमी करून घेतात. तिथेही नफा न कमावणाऱ्या रुग्णालयांनी गरिबांसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवलं पाहिजे, असं २०१० च्या आरोग्य कायद्याने सांगितलं. आपली योजना त्याच्या चार वर्षं आधीची आहे. एवढ्या श्रीमंत देशातही लोकांना हक्क माहीत नसतो आणि सांगायला माणूस लागतो, हे ऐकून मला आपल्याबद्दल जरा बरं वाटलं.

आपल्याकडे तो माणूस सरकारनेही नेमलेला आहे, त्याचं नाव आरोग्यमित्र. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून हे सुरू झालं, तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख केलं आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढली. टोल फ्री क्रमांक १५५३८८. यात एकच गोष्ट जीवावर बेतते. नोंदणी रुग्ण दाखल असतानाच व्हावी लागते. डिस्चार्ज झाल्यावर, बिल भरल्यावर आलात तर आरोग्यमित्रही काही करू शकत नाही. म्हणून दाखल होताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'योजना लागू आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतात?' काही ठिकाणी 'या आजाराला नाही' असं तोंडी सांगतात. तिथेच फोन लावून विचारा.

आणि इथे आपली खास अडचण येते. नावं. शिधापत्रिकेवर 'शेख', आधारवर 'शैख'. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर इंग्रजीत चार अक्षरांचं काहीतरी. बाईचं माहेरचं नाव एका जागी, नवऱ्याचं दुसऱ्या जागी, आणि 'बी', 'बानो', 'बेगम' हवेत तरंगत असतात. आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव किती जुळतं याचे सिस्टीम गुण काढते. मी अशा सिस्टीमवर काम केलंय, म्हणून सांगतो, तिला 'शेख' आणि 'शैख' एकच माणूस आहे हे कुणीतरी शिकवावं लागतं. ज्याने ती लिहिली त्याच्या मोहल्ल्यात शेख राहत नसतील, तर ते राहून जातं. आमच्याकडे आलेल्या कामांतली निम्मी कामं बिलाची नव्हतीच, ती स्पेलिंगची होती. सुनेचं नाव शिधापत्रिकेत चढवलेलंच नाही, हेही सर्रास. आजारी पडल्यावर तहसीलदाराकडे धावण्यापेक्षा ही दुरुस्ती आज, तब्येत चांगली असताना करा. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. धर्मादाय योजनेला तो लागतो, मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीलाही लागतो.

ज्यांचा विमा आहे त्यांच्यासाठी दोनच वाक्यं, कारण इथे आयटीतली बरीच मुलं बसलीत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पाच हजार असेल आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त तीन हजारांचा फरक भरून सुटत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, आणि कंपनीने ती लावली असेल तर विमा लोकपालाकडे जा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयचं कार्ड असतं. ते घरी फ्रिजवर ठेवून खासगीत भरती होऊ नका.

एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने बोलली पाहिजे. आपल्या शहरात दहा-पंधरा खाटांची असंख्य रुग्णालयं आहेत. कर्जावर यंत्रं घेतलेली, योजनेचे पैसे सरकारकडून महिनोन्‌महिने येत नाहीत म्हणून हैराण झालेली. त्यातले कित्येक डॉक्टर गरिबाला गुपचूप सूट देतात. त्यांच्याकडे जाऊन चौकशीचा आव आणला तर ते पुढच्या गरिबाला दारातच परत पाठवतील. ताईंची पद्धत अशी की बिलात चूक सापडली नाही तर त्या नातेवाइकाला स्पष्ट सांगतात, 'बिल बरोबर आहे, पैसे दे.' मी हे तीनदा ऐकलंय. एकदा तर समोरचा माणूस रागावून निघून गेला. तरी त्या बदलल्या नाहीत. म्हणूनच नाशिकमधले दोन-तीन डॉक्टर आता स्वतःहून त्यांना फोन करतात.

आणि याच्या अगदी उलट माणूसही रुग्णालयाच्या बाहेर उभा असतो, तो दलाल. 'बिल निम्मं करून देतो, दहा टक्के माझे', 'योजनेत बसवतो, पाच हजार द्या'. तो दाढीवाला असो की टिळावाला, ओळखायची खूण एकच. तो पोच घेत नाही. सगळं तोंडी, सगळं रोख.

तरीही रुग्णालयाने ऐकलं नाही तर? डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून या राज्यात साखरेच्या वजनाबद्दल भांडणारे लोक आहेत. रुग्णालयाबद्दल भांडणारे अजून मोजके आहेत, आणि त्यात आपल्या मोहल्ल्यातले तर हातावर मोजण्याइतके.

माझा प्रस्ताव साधा आहे. ज्या मशिदीतून, ज्या जमातीतून, ज्या ग्रुपवरून वैद्यकीय चंद्याचं आवाहन होतं, तिथे एक अट घालावी. आवाहनाआधी ओळवार बिल, योजनेला अर्ज केल्याची पोच आणि रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद, हे तीन दोन माणसांनी पाहिलेले असावेत. मी ही गोष्ट दोन ठिकाणी बोललो. एका जागी विश्वस्तांनी लगेच मान्य केलं. दुसऱ्या जागी एक बुजुर्ग म्हणाले, 'बेटा, गरजवंताला कागद मागणं हा त्याचा अपमान आहे.' त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून मी तिथे वाद घातला नाही. कागद गरजवंताकडून मागायचे नाहीत, ते आपण त्याच्या वतीने रुग्णालयाकडून आणायचे, असं त्यांना समजावून सांगायला पुढच्या जुम्म्याला परत जाणार आहे.

त्यासाठी माणसं लागतील. प्रत्येक मोहल्ल्यातून दोन, त्यातली एक बाई असावी, कारण वॉर्डात आत जाऊन केस पेपर बघणं आणि आजारी बाईशी बोलणं आमच्यासारख्यांना जमत नाही. फार्मसी शिकलेल्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत, लग्नानंतर घरी बसलेल्या. औषधांचं पान त्यांच्याइतकं कुणाला वाचता येणार? ताई दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शिकवायला तयार आहेत. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयापासून सुरुवात करू, म्हणजे सरकारी कागदपत्रं कशी दिसतात ते आधी कळेल.

मागच्या टेबलावर नावनोंदणीचा कागद आहे. चहा आहे, त्याच्या शेजारी. निमंत्रणात लिहिल्याप्रमाणे काही जण बिलं घेऊन आलेत असं दिसतंय. त्यांनी पुढे या. रुग्णाचं नाव आणि आजार असलेला भाग घडी घालून झाका, आणि मला पहिलं पान नको, औषधांची पानं आधी द्या.